कडीला अडकवलेली फुलपुडी

आई, गेल्या रविवारी सकाळी मला एका गेटावर थांबवलं, आणि तेव्हापासून माझा राग काही केल्या उतरत नाहीये. नवऱ्यावर काढून झाला, भांड्यांवर काढून झाला, ऑफिसात एका बिचाऱ्या कारकुनावरही निघाला. आता तुझ्यावर काढायचा म्हणून बसलेय. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, तू उलट बोलणार नाहीस. तशी होतीस तेव्हाही कुणाला उलट बोलायची नाहीस. माझा निम्मा राग त्याचाच आहे.

आम्ही घर बघत होतो. गंगापूर रोड मागे टाकून धरणाकडे जाताना, जिथं तुझ्या वेळी टोमॅटोचे मळे होते, तिथं आता एका उंच भिंतीच्या आत साठेक बंगले उभे आहेत. सगळे एकसारखे, फिकट रंगाचे. त्यांना व्हिला म्हणायचं. आत बाग, चालायला वाट, मुलांना सायकलीला रस्ता, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकं. त्यातला एक विकायला निघाला होता. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातले चार दिवस बंद, त्यामुळे नवऱ्याने मनातल्या मनात तो घेऊनही टाकला होता. लेकीने आपली खोली ठरवली होती. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मागच्या अंगणात जास्वंद कुठं लावायची ते ठरवलं होतं. रविवारी जायचं, एकदा शेवटचं बघायचं आणि हो म्हणून यायचं, एवढंच बाकी होतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "जाताच आहात तर उंबऱ्यावर दोन फुलं ठेवून या. रिकाम्या हाताने हो म्हणू नये."

मग मी फुलं बांधली. पिशवीत घालून नेता आली असती, पण माझ्या हाताला ते जमत नाही. पळसाचं पान घेतलं, त्यात शेवंती, दोन झेंडू, तुळस, दूर्वा. कडा आत मुडपल्या, केळीच्या सोपटाच्या दोरीचे दोन वेढे दिले आणि वर तुझा तो फास ठेवला, गेटच्या कडीत सहज अडकेल असा. पंचवीस-तीस वर्षांत मी कितीदा फुलं बांधली असतील, तो फास कधी चुकला नाही. आणि तिथं कडी तरी कुठंय? तिथं खांबावर कॅमेरा आहे.

गेटाशी गाडी थांबली. मोबाइलवर नंबर आल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत आणि नंबर काही येईना. नवरा म्हणाला, "तू हो पुढे, मी बाहेर लावून येतो." लेक त्याच्याबरोबर गाडीतच राहिली. मी सुती साडीत, बोटाला पुडी अडकवून, चालत गेटापाशी गेले. सकाळचे सात वाजले असतील. वॉचमन माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पेठ तालुक्याकडचा असावा बोलण्यावरून. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पुडीकडे बघितलं. "मावशी, उशीर केला आज. तिथं क्रेटमधी ठेवा. आत नाय जायाचं, म्हाईत नाय का?"

भिंतीशी एक निळं प्लास्टिकचं क्रेट होतं. त्यात वीस-बावीस फुलपुड्या, प्रत्येकीवर बंगल्याचा नंबर. आता यातलं पुढचं तुला सांगायला मला लाज वाटते. मी म्हणायला हवं होतं, अहो दादा, मी घर बघायला आलेय. हसून म्हणायला हवं होतं. दोन माणसं मला ऑफिसात मॅडम म्हणतात, मी सरकारी कागदांवर सही करते. पण माझा हात खाली गेला. पुडी क्रेटमध्ये ठेवली, तीही फास वर येईल अशी, शेजारच्या पुडीला धक्का न लावता. आणि मी दोन पावलं मागे सरकून गेटच्या बाजूला उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप सरकले. ते पाय तू शिकवलेस आई, मी नाही.

तेवढ्यात तिथल्या समितीच्या बाई आल्या. घराचे मालक परगावी, त्यामुळे घर दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. पायात पांढरे बूट, गळ्यात चावी. मागच्या खेपेला भेटल्या होत्या, मला ओळखलं आणि काय झालं ते बघून त्या वॉचमनवर उखडल्याच. "डोळे आहेत की नाही तुला? मॅडम घर बघायला आल्यात! सॉरी म्हण." तो माणूस उभा राहिला. टोपी काढून म्हणाला, "सॉरी मॅडम." बाई म्हणाल्या, "नीट म्हण." त्याने परत म्हटलं. मग त्या माझा हात धरून चालायला लागल्या आणि म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्यासारखीला फुलवाली समजतो म्हणजे काय! कुठल्याच अँगलने वाटत नाही हो तुम्ही."

त्याच्या चुकीचा मला राग आला नव्हता. या माफीचा आला. माझ्यावर चिखल उडावा आणि तो झटकून द्यावा तशी ती बाई तुला झटकत होती. फुलवाली समजलं म्हणजे काय झालं? कुणाचा खून करणारी समजलं होतं का? पहाटे उठून, अंगावरचं ओलं लुगडं अंगावरच वाळवत, चाळीस घरांच्या देवांची सोय करणारी बाई समजलं होतं ना? पण हे मी बोलले नाही. मी म्हणाले, "छे छे, त्यात काय."

घर दाखवताना त्या सारखं एकच सांगत होत्या. इथं शांतता आहे. सगळी फॅमिलीवाली, सुशिक्षित माणसं. भाजीवाला नाही, भंगारवाला नाही, कुणी दारात येऊन बेल वाजवणार नाही. "सकाळी पानाचा आवाज ऐकू येतो बघा." मला हसू यायला लागलं, चांगलं हसू नाही. आवाजाचं मला सांगतात! तुझ्याबरोबर मी दुसरी-तिसरीत असल्यापासून फिरलेय. कडी अशी उचलायची की लोखंड लोखंडाला लागता कामा नये. चप्पल फरपटायची नाही. कुत्रं ओळखीचं झालं की त्याला नावाने हाक मारायची नाही, नुसता हात दाखवायचा. "मानसं झोपलेली अस्त्यात," तू म्हणायचीस, "फुलं आपुआप आल्यावानी वाटली पायजेत." तुझ्या वाटेवरच्या बंगल्यांमधली ती सुरेख शांत सकाळ कुणी राखली होती? तू राखली होतीस. आणि आता शांतता हवी म्हणून तुलाच भिंतीबाहेर ठेवतात.

तुला तो झोपाळ्याचा दिवस आठवतो का? गुलमोहराच्या कोपऱ्यावरचा बंगला, व्हरांड्यात पितळी कड्यांचा झोपाळा. सोमवार होता, तू बेलाची पानं मोजून पुड्यांत घालत होतीस. मी गेट ढकलून आत गेले आणि बसले. त्या घरच्या काकू बाहेर आल्या, त्या तर हसत होत्या. "बसू दे गं, बस बाळ." मी दोन झोके घेतले असतील, तू मला दंडाला धरून बाहेर काढलंस आणि वळणावर गेल्यावर कानाखाली दिलीस. "गेटाच्या आत काय ठिवलंय आपलं?" मी रडत म्हणाले, "काकूच म्हणाल्या बस." तू म्हणालीस, "त्या म्हंतील. त्यांचं कामच हाय म्हनायचं. आपन नाय बसायचं." आणि थोडं चालून गेल्यावर पुडीत घालायचा सोनचाफा माझ्या वेणीत खोचलास, त्या घरचा एक कमी झाला तरी. तेवढं एक सोडलं तर तू कुणाला कधी काही कमी दिलं नाहीस. त्या थपडेने मी शिकले, आई. इतकी शिकले की पंचेचाळीसाव्या वर्षी, स्वतः विकत घ्यायच्या घराच्या गेटावर, बाजूला सरकून उभी राहिले. कशाला शिकवलंस? मान राखायचा म्हणून? कुणाचा मान राहिला त्यात?

घर बघून झाल्यावर बाईंनी चहाला नेलं. स्वच्छ ओटा, काचेचे कप, बिस्किटं. नवरा आणि लेक येऊन बसले होते. बाई मनमिळाऊ होत्या, तसं त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. "माहेर कुठलं तुमचं?" मी म्हणाले, "इथलंच, मखमलाबाद." "अय्या, मग द्राक्षांची बाग असेल!" मी म्हणाले, "नाही, फुलं होती." "म्हणजे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आईची नर्सरी होती." बाई खूश झाल्या. "तरीच! पुडी काय सुबक बांधली होतीत." नवऱ्याने कपातून मान वर केली आणि परत खाली घातली. अर्ध्या एकराचा तुकडा, वडिलांनी खणलेली सरी, तू आणि तुझी टोपली. नर्सरी!

बाहेर पडताना बघितलं तर क्रेट रिकामं. उंबऱ्यावर ठेवायचं राहूनच गेलं होतं. मी विचारलं तर वॉचमन खाली बघत म्हणाला, "ती बारा नंबरला दिली मॅडम. त्यांची एक कमी पडत हुती, अन् तुमचीवर नंबरबी नव्हता." मी म्हणाले, "बरं केलंत." तो म्हणाला, "लय घट बांधली हुती. आमच्याकडं मावशी रबर लावून आणती." मग जरा थांबून, "सकाळचं मनात नका ठिऊ." पूर्ण सकाळभरात तेवढंच एक वाक्य मला माझ्याशी बोलल्यासारखं वाटलं.

गाडीत लेक म्हणाली, "आई, आजीची नर्सरी होती? तू कधी सांगितलंच नाहीस." मी तिला खरं सांगितलं, चाळीस घरं, टोपली, सगळं. ती म्हणाली, "मग असं सांगायचं ना! भारी आहे की." या पोरांना भारी वाटतं. चौदा वर्षांची आहे, तिला कुठल्याही गेटातून आत जाताना पाय आवरावा लागत नाही, तिचाही मला राग आला, सांगते तुला. रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, ते घर नको. तो म्हणाला, "एका वॉचमनच्या चुकीवरून?" मी म्हणाले, "वॉचमन एकटाच बरोबर होता तिथं." तो दोन दिवस बोलला नाही. सासूबाईंनी नुसतं विचारलं, "फुलं ठेवलीस का?" मी म्हणाले, नाही. "मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं. काल मालकांना फोन करून नाही कळवलं. अंगणातली जास्वंद गेली. लेकीची खोली गेली. लिफ्ट आजही बंद आहे.

सगळ्यांना वाटतं, मी तुझ्यासाठी नाही म्हणाले. लेकीने तर मला मिठीच मारली. तिने मारली म्हणूनच आज लिहायला बसले, कारण त्या मिठीवर माझा हक्क नाही, आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही.

लग्नानंतर मी याच फ्लॅटमध्ये आले. तुझ्या वाटेवरच होता तो. रोज सहाच्या आसपास तू वर यायचीस, समोरच्या दाराला पुडी, आमच्या दाराच्या कडीला पुडी, आणि परत. आमच्या पुडीत एक सोनचाफा जास्त असायचा. मी तुझ्यावर किती चिडायचे, लेकीच्या दारालाही तू गेटच समजतेस म्हणून. दिवाळीला आलीस की तोंडावर म्हणायचे, "बेल वाजवायला काय होतं तुला?" तू म्हणायचीस, "झोपल्याली अस्ता तुम्ही." सासूबाई मला सांगायच्या, "अगं, आईंना चहाला थांबवत जा." मी म्हणायचे, "तिला घाई असते."

नव्या नव्या दिवसांत एकदा समोरच्या वहिनी जिन्यात भेटल्या होत्या. हातात तुझी पुडी होती. सहज म्हणाल्या, "तुमच्याकडेही हीच बाई देते का? छान असतात फुलं." मी म्हणाले, "हो, हीच."

तेव्हापासून तू यायच्या आधी मला जाग यायची. जिन्यात तुझ्या चपला कळायच्या, कुणाला ऐकू जाऊ नये असं तू चालायचीस तरी मला कळायच्या. आधी समोरची कडी, मग आमची. मग तू थोडी थांबायचीस. रोज थांबायचीस, एखादा श्वासभर. दाराच्या या बाजूला, चार पावलांवर, मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेली असायचे. आई, मी झोपलेली नसायचे.

हा कागद मी कुठंच टाकणार नाही. घडी करून पळसाच्या पानांच्या डब्यात ठेवते आहे.