ताईच्या नळाचं पाणी

स्लेट खोरं, केंटकी
१४ एप्रिल २००९

चि. वेंडेल यास ताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. वर निळाशार झरा छापलाय, खाली तुझ्या चर्चच्या मंडळीचं नाव. हसावं की ओकावं कळेना. आमच्या नळाला हल्ली नारिंगी पाणी येतं, आणि वास असा की त्यापुढे सडकी अंडी बरी. होबर्टचे पांढरे सदरे गंजल्यासारखे झाले, ते मी सोडून दिलं. पण लेटीच्या पाठीवर चट्टे उठलेत. नातीला न्हाऊ घालताना माझाच हात कचरतो. डॉक्टर म्हणतात, पाणी बदला. जणू पाणी दुकानातल्या रिबिनीसारखं बदलून मिळतं.

खाणवाल्यांनी समोरच्या डोंगराचा माथा सुरुंगाने उडवून ओढ्यात लोटला, तेव्हापासून नळाला पाणी देणारी आमची विहीर नासली ती नासलीच. आता मागचा डोंगर उडवायची परवानगी मागतायत. तिथला झरा तेवढा चांगला उरलाय, लेटीला प्यायला आम्ही तेच पाणी कॅनने वाहून आणतो. जूनमध्ये जिल्हा कचेरीत सुनावणी आहे. आमच्या बायबल वाचणाऱ्या बायका सगळ्या जाणार आहेत, पण आम्हाला कोण विचारतो? तू मोठ्या मंडळीचा पाळक. तुझ्या शब्दाला वजन आहे. तू उभा राहा, एवढंच मागणं.

मेमध्ये नेहमीसारखा आमच्या पायधुणीच्या उपासनेला, एकमेकांचे पाय धुवायला, येशीलच.

वाट पाहणारी,
ताई


मिलब्रुक
२७ एप्रिल २००९

ती. अर्डिथताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. लेटीसाठी दर बुधवारी आम्ही सारे प्रार्थना करतो, तूही करत राहा. सुनावणीचं म्हणशील तर ताई, पाळकाने आत्मे वाचवायचे, डोंगर नव्हे. ही पृथ्वी एक दिवस जळून जाणारच आहे, मग तिच्यासाठी कचेरीत भांडून काय मिळवायचं? शिवाय आमच्या मंडळीचा कारभार पाहणारे डीकन प्रुएट खाणीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पाणी तपासलंय, त्यात काही दोष नाही, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. भला माणूस आहे.

इथे काही जण म्हणतात, पाळकसाहेबांची बहीण झाडांची पूजा करायला लागली. मी हसण्यावारी नेलं. पण तू जरा जपून बोलत जा.

होबर्टदाजींना म्हणावं, पायधुणीला येतो, मक्याचा पाव आणि घेवडा तयार ठेवा. ताईने आपल्या धाकट्यावर राग धरू नये.

तुझा,
वेंडेल


स्लेट खोरं
४ मे २००९

चि. वेंडेल यास ताईचा आशीर्वाद. नाइलाजाने.

तुझं पत्र होबर्टला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. मला मात्र किळस आली, आणि ती लपवण्याइतकी मी सज्जन नाही. म्हणे पृथ्वी जळणारच आहे! मग तुझ्या अंगणातलं गवत दर शनिवारी कशाला कापतोस रे? आदामाला देवाने बागेत राखणीला ठेवलं होतं, हे रविवारच्या शाळेत तूच घोकायचास, आणि चुकलास की मीच टपली मारायचे. मी झाडांची पूजा करत नाही. बापाचं घर पोरं फोडतायत, त्याचा जाब विचारते. तुझ्या भल्या प्रुएटने पाणी तपासलं म्हणतोस. प्यायला का, ते विचार.

पायधुणीला नक्की ये. या वर्षी तुझे पाय होबर्ट धुणार आहे. घेवडा मिळेल.

ताई


मिलब्रुक
१९ मे २००९

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात उचलत नाही. परवा भर उपासनेत तू काय केलंस? दाजी कमरेला पंचा बांधून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले, घमेलं पुढे सरकवलं, आणि तो भपकारा आला. पाणी नारिंगी, वर तवंग. मी पाय वर ओढून घेतले. कोणीही घेतले असते! सगळी मंडळी माना उंचावून बघत होती. प्रभूने घालून दिलेल्या विधीत इतकं घाण पाणी आणायचं? तू ठरवून माझी शोभा केलीस. वर निघताना मोटारीत बरणी ठेवलीस, तीही त्याच पाण्याची.

यापुढे मला बोलावू नकोस.

वेंडेल


स्लेट खोरं
२२ मे २००९

वेंडेल,

घाण म्हणालास. तुझ्याच हातचं लिहून आलं, बरं झालं.

त्या पाण्यात मी काही कालवलं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि घमेलं भरलं. त्याच नळाखाली लेटी आंघोळ करते. तुझ्या पायांना जे चाललं नाही, ते तिच्या पाठीला चालतं? प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रानेही नको म्हटलं होतं, पण तो लाजून. तू शिसारी येऊन. मोजे हातात घेऊन मोटारीकडे पळालास, आणि होबर्ट तसाच बसून राहिला. त्याचे गुडघे दुखतात. त्याला उठवायला दोन बायका लागल्या.

लोभ कसा मागू? आधी तुझ्याकडे उरलाय का बघ.

अर्डिथ


मिलब्रुक
९ जून २००९

ती. ताईस व ती. होबर्टदाजींना शि. सा. न.

बरणी बरेच दिवस मोटारीतच होती. टाकून द्यायला दोनदा उचलली, आणि टाकायची कुठे हेच कळेना. आमच्या अंगणात ओतायला मन धजेना. तेव्हा मला माझी लाज वाटली.

बुधवारच्या प्रार्थनेला ती घेऊन गेलो. पेला भरला आणि डीकन प्रुएटना म्हणालो, तुम्ही तपासलेलं आहे, घ्या. ते हसले. मी पेला धरूनच राहिलो. मग ते टोपी उचलून निघून गेले, आणि त्यांच्यामागे निम्मी मंडळी. लेटीसाठी इतके बुधवार डोळे मिटणाऱ्यांपैकी एकानेही पेल्याकडे पाहिलं नाही. मंडळीच्या पंचांनी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की माफी मागा नाहीतर वेदी सोडा. मी चर्चच्या किल्ल्या देऊन आलो.

गुरुवारी सुनावणीला उभा राहीन. तुला पाळकाच्या शब्दाचं वजन हवं होतं, ते मात्र आता माझ्याकडे राहिलं नाही. नुसता तुझा भाऊ आणि बरणीतलं उरलेलं पाणी, एवढंच घेऊन येतो.

तिथून थेट तुमच्याकडे येईन. दाजींना सांग, माझे पाय धुवायचे राहिलेत. त्यांनी खुर्चीवर बसावं, खाली मी बसेन, आधी त्यांचे धुईन. आणि पाणी त्याच नळाचं घ्या म्हणावं.

तुझा,
वेंडेल