गाडी हत्ति

४ मार्च १९३७, गुरुवार. धारवाड.

नसती कटकट. इंदूच्या डोहाळजेवणाचा खण आणायला आज हुबळीला गेलो. तिच्या आईचं नेहमीचं दुकान, तिथलाच खण हवा. आई दिवाळीत गेल्या, तेव्हापासून इंदूचा कोणताही हट्ट मोडायचा मला धीर होत नाही. मोटार दुकानामागच्या आवारात उभी केली. खण घेऊन येतो तो डावीकडचा फुटबोर्ड मागच्या दाराखाली चांगला वाकलेला! जुनी घेतलेली का असेना, माझी मोटार आहे.

आवारावर राखणीला बसप्पा म्हणून म्हातारा आहे. त्याला मराठीचा गंध नाही, आणि माझ्या कानडीची बोंब. मोटारीकडे बोट करून म्हणाला, "गाडी हत्ति कुंतार्री," आणि हात जोडले. हत्ति म्हणजे कापूस. एवढा शब्द माझा पक्का आहे. बदली होऊन आलो तेव्हा "बाजारात हत्ती फार आलाय" असं ऐकून मी खरोखरीच हत्ती बघायला निघालो होतो, इंदू त्यावरून अजून हसते. तर कापसाच्या गाडीने दणका दिला. संपलं.

दुकानाचे मालक अण्णा मात्र कानावर हात ठेवतात. "रावसाहेब, कापसाच्या गाड्या मागल्या गल्लीत थांबत्यात. हितं एक बी येऊ देत नाही मी." चोराच्या उलट्या बोंबा. बरंच बोललो. शेवटी म्हणाले, आमचा लोहार सरळ करून देईल. नको म्हटलं. आपला मेस्त्री बरा.

५ मार्च

फुटबोर्ड सरळ झाला. एक गोष्ट खटकते. रंगावर ओरखडा नाही. गाडीचं चाक घासलं असतं तर पत्रा सोलवटला असता. हा नुसता वरून दबला होता. म्हणजे गाडी नव्हे, कापसाचा बोजा टेकवला असेल कुणी.

८ मार्च

हुबळीच्या रस्त्यावर रायापूरच्या मोरीचं काम पाहून आलो. एकटाच होतो. मागची सीट सबंध रस्ता कुरकुरत होती, रिकामी असताना. कचेरीत उतरलो तर शिपाई माझ्याकडे न येता मागचं दार उघडून उभा. डावीकडचं. मी ओरडलो, तसा गडबडला. "चुकलं साहेब. कुणी हाईत असं वाटलं."

संध्याकाळी पाहिलं. फुटबोर्ड परत वाकलाय. सीटही डावीकडे बसल्यासारखी. स्प्रिंग गेली असेल. जुन्या गाडीत जातात.

९ मार्च

आज जेवताना करमणूक म्हणून इंदूला बसप्पाची नक्कल करून दाखवली. तिचा घास हातातच राहिला.

"कुंतार्री? असंच म्हणाला?"

"असंच. हत्ति, कापूस—"

"अहो, कापूस कसा कुंतार्री? कुंतार्री म्हणजे बसल्यात. गाडी हत्ति, गाडीत चढून. गाडीत चढून बसल्यात, असं म्हणाला तो." मग हळूच, "कुठल्या बाजूला हो?"

मी डावीकडे म्हणून गेलो. जीभ आवरायला हवी होती.

"आई डावीकडेच बसायची," इंदू म्हणाली. "म्हणाली होती मला, पहिलं बाळंतपण, न्यायला मी स्वतः येणार."

दिवाळीपासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली. मला भात गेला नाही. आमच्या घरात 'न्यायला आले' हे एकदाच ऐकलंय. आजोबा शेवटच्या दिवशी दाराकडे बघून म्हणाले होते, दादा न्यायला आलाय. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, कधीचा वारलेला. आणि लेडी डॉक्टर इंदूला तपासून म्हणाल्यात, रक्त फार कमी आहे, जपा.

११ मार्च

मुद्दाम हुबळीला गेलो, बसप्पाच्या तोंडून कापूस वदवून घ्यायला. अण्णांना दुभाष्या केलं. मी तोंड उघडायच्या आत बसप्पानेच विचारलं, "अव्वारु इळदारेन्री?"

 अण्णांना पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "विचारतोय, आईसाहेब उतरल्या का." आणि मला बाजूला घेऊन, "तुमच्या सासूबाईंना हा चांगला ओळखतो. दिवाळीच्या आधीच गावी गेलता, मागल्या आठवड्यात आलाय. त्या गेल्याचं ह्याला ठाऊक न्हाई, रावसाहेब."

सांगू नका म्हटलं. का, ते मलाही सांगता येत नाही.

अण्णांची क्षमा मागायची राहून गेली.

१२ मार्च

भांडण. मी म्हणतो बाळंतपणाला हुबळीला, माहेरी, आगगाडीने जाऊ. इंदू म्हणते, "आई एवढी येऊन थांबलीय आणि मी आगगाडीने जाऊ?" पूल बांधणारा माणूस मी, भूत म्हणायची लाज वाटते. रस्ता खराब आहे म्हटलं. "तुमच्याच खात्याचा आहे," म्हणाली.

भीती वाटते. दुसरं काही नाही, भीती वाटते.

१४ मार्च, रविवार. हुबळी, कमरीपेठ. सासुरवाडी.

काल डोहाळजेवण झालं. इंदूला तोच खण. आज मोटारीनेच आणलं तिला. चढली आणि आपण होऊन उजव्या कडेला सरकून बसली, डावीकडे जागा ठेवून. घराचा उंबरा ओलांडताना 'येते' म्हणाली नाही. माझ्या ध्यानात आलं ते रायापूर मागे पडल्यावर.

अप्पा, माझे सासरे, दारात वाट पाहत होते. इंदू उतरली, वळसा घालून आली आणि डावं दार उघडून जरा वेळ धरून उभी राहिली. अप्पांनी पाहिलं. दोन पावलं मागे सरून त्यांनी वाट दिली.

१५ मार्च. धारवाड.

सकाळी निघताना मी 'येतो' म्हटलं. मग इंदूला म्हणालो, "काल तू म्हणायची राहिलीस. आता म्हण, येते."

"आईला विचारून सांगते," म्हणाली आणि हसली. हत्तीवरून हसते तशीच हसली. थट्टा असेल. तिची जातच थट्टेखोर.

मोटार हलकी आली. मागे कुरकुर नाही. घरी येऊन वाकून पाहिलं, सीट दोन्हीकडे सारखी. बसप्पाला सांगायला हवं, उतरल्या म्हणून.

न्यायला आल्या होत्या, माहेरी नेलं. एवढंच न्यायचं होतं ना, आई?