आठच्या आधी उठू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त, बॉक्सिंगमधली चार वेळची विजेती, विधवा, एका मुलाची आई, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. त्यात रक्त साचले आहे ही गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार विचारला, माझे नाव विचारले आणि शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. वजाबाकी मला शाळेतही येत नव्हती, तेव्हा ती धरू नये अशी विनंती मी केली. त्यांनी धरली नाही.

आज संध्याकाळी पाचला मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे. उद्या सकाळी कवटीला भोक पाडून रक्त काढणार आहेत. मी नक्की शुद्धीवर येईन असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता चिरंजीवांकडे बघत होते. म्हणून हा खटाटोप.

वकीलबाईंनी छापून आणलेला मृत्युपत्राचा मसुदा मी वाचला. त्यात मी कोण हे मलाच कळेना. सबब हे मी स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. अक्षर हलले आहे ते हातामुळे नव्हे. टेबलाखाली माझा पाय हलतो, तो जन्मभर हलत आला आहे. वकीलबाई म्हणतात, "मावशी, दोन मिनिटं एका जागी बसा हो." त्यांना मी सांगितले: बसून मला काही सुचत नाही.

कलम १. ह्या दोन खोल्या आणि त्यातले सामान चिरंजीवांना. ते फरशा विकतात, तेव्हा न्हाणीघरातली फुटलेली फरशी आता तरी बदलतील अशी आशा आहे. पाच वर्षे मी सांगते आहे.

कलम २. मी मुलींना बॉक्सिंग शिकवते त्या तालमीच्या शेडमधली पितळी घंटा शेजारचे घड्याळजी यांना. ते घड्याळे दुरुस्त करतात आणि रोज संध्याकाळी हौसेने आमच्या फेऱ्यांची वेळ लावतात.

कलम २ रद्द. वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि जो साक्षीदार सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ठेवले असले तरी ते बाद होते. घड्याळजी साक्षीदार म्हणूनच येऊन बसले आहेत. त्यांचे तोंड उतरले.

"म्हणजे सही केली की घंटा गेली?" त्यांनी विचारले.

"गेली."

"आणि नाही केली तर?"

"तर मला दुसरा साक्षीदार शोधावा लागेल आणि तुमचा चहा बंद होईल."

ते सही करणार आहेत. घंटा जिथे आहे तिथेच राहील, आणि वाजवणार तेच.

कलम ३. शिलाई मशीन. पहिल्यांदा जिंकले तेव्हा पुरुषांच्या विजेत्याला मोटरसायकल मिळाली आणि मला हे मशीन. संघटनेचे सचिव माईकवर म्हणाले होते, "आता सुखाने संसार करा." मी त्यावर संसारातला एक टाकाही घातला नाही. तीस वर्षे त्यावर फक्त पंचिंग बॅगा शिवल्या, आणि शिवताना प्रत्येक बॅगेला मनात सचिवांचेच नाव दिले. मशीन तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावे. आज दुसरी साक्षीदार त्या होणार होत्या, पण सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून त्या सकाळीच धावत गेल्या. त्यांचे मशीन त्यामुळे शाबूत राहिले, माझा साक्षीदार मात्र गेला.

कलम ४. लग्नाच्या दिवशी माझ्या नणंदेने चारचौघांत विचारले होते, "हिच्या नाकाला काय झालंय?" त्यांना माझा मोठा फोटो द्यावा. तो बाजूने काढलेला आहे. समोरच्या भिंतीवर लावावा.

उठून आले. गॅस बंद होता. मी तीनदा बघितला असे चिरंजीवांचे म्हणणे आहे. ते दारात गाडीच्या किल्ल्या घेऊन उभे आहेत आणि मला सांगतात अस्वस्थ होऊ नकोस.

कलम ५. निळी बादली. हिला कोणी भंगारात टाकू नये. ही ह्यांची बादली.

माझ्या प्रत्येक लढतीला कोपऱ्यात पाणी घेऊन माझे यजमान उभे असत, आणि प्रत्येक लढतीत त्यांची पाठ माझ्याकडे असे. मला मार बसलेला त्यांना बघवत नसे. लोकांच्या आवाजावरून त्यांना सगळे समजायचे. लोक हसायचे त्यांना. पहिल्या मोठ्या लढतीत मी पडले. डोळ्यांपुढे दिवे, कानात नुसती घूं. लाजेने आधी उठून उभे राहावे एवढेच सुचत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला, वळून न बघताच, "बस तिथेच. अजून वेळ आहे. घाई कोणाला?"

पंच दहा मोजतो, तोवर उठले नाही तर हार. नवी मुलगी तीनलाच उठते. पाय उभे राहतात, डोके अजून खालीच असते, आणि पुढचा ठोसा त्या रिकाम्या डोक्यावर बसतो. मी त्या दिवशी एका गुडघ्यावर थांबले. श्वास घेतला. त्यांची पाठ बघत राहिले, शर्ट घामाने चिकटला होता. आठ म्हटल्यावर उठले, आणि जिंकले. पुढे माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी ठोसा शिकवण्याआधी पडणे शिकवले, आणि पडल्यावर आठपर्यंत थांबणे. चिकाटी म्हणजे टुणकन उठणे, असे लोकांना वाटते. माझ्या मते उठण्यापेक्षा ते थांबणे अवघड आहे, कारण सगळे बघत असतात.

आता हे थांबण्याचे शहाणपण मला फक्त रिंगणात होते. बाहेर मी सगळीकडे तीनलाच उठले. ह्यांच्या तेराव्याला मी दुपारी शेडमध्ये दोरीवर उड्या मारत होते, आणि नणंद दारात उभी राहून बघत होती. रडायचे राहूनच गेले. आजही मला ह्यांची भयंकर आठवण येते आहे.

कलम ६. बादली आणि खालील कलमातली शेड एकत्र जातील. वेगळी करू नयेत.

कलम ७. शेड. हे सर्व लिहिण्याचे खरे कारण हेच आहे, बाकीचे मी उगाच आधी उरकून घेतले.

ही इस्पितळाची जुनी धुण्याची शेड. मी तिथे बावीस वर्षे चादरी पिळल्या आणि माझे खांदे तिथेच तयार झाले. नवी यंत्रे दुसरीकडे गेली तेव्हा मी ती विकत घेतली. ओल्या चादरी टांगायच्या आकड्यांना आता बॅगा टांगल्या आहेत, आणि जमिनीत पाणी जायची गटारे आहेत म्हणून रक्त, घाम, पाणी सगळे एका बादलीत धुऊन निघते. ऊन तापले की भिंतींतून अजून साबणाचा वास येतो. रोज संध्याकाळी पंचवीसेक मुली येतात.

चिरंजीवांना शेड मिळाली तर ते तिथे फरशांचे गोदाम करतील. हे त्यांनी मला तोंडावर सांगितले आहे आणि त्याबद्दल मला त्यांचा राग नाही. खोटे बोलले असते तर आला असता. लहानपणी आईचा सुजलेला चेहरा बघत जेवलेल्या मुलाला तालमीचे प्रेम कुठून असणार?

म्हणून शेड, आतल्या सर्व सामानासह, मी माझी शिष्या टाचणी हिला देते. पहिल्या दिवशी आली तेव्हा इतकी किडकिडीत होती की मुलींनी हे नाव ठेवले. नंतर ती टोचायला लागली आणि नाव पक्के झाले. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींत तिच्यासारखी दुसरी नाही. गेल्या हिवाळ्यात ती अंतिम लढतीत पडली आणि तीनला उठली. मी कोपऱ्यातून घसा फुटेपर्यंत ओरडत होते, "खाली राहा, खाली राहा!" तिने ऐकले नाही. दोन ठोसे, आणि खेळ खलास.

त्या दिवसापासून ती शेडमध्ये आली नाही. तिच्या मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसते. मी तिला भेटायला काहीतरी निमित्त हवे म्हणून डोळे तपासून घेतले. माझ्याकडे आता तीन चष्मे आहेत. तिन्ही वेळेला ती "बाई, खालची ओळ वाचा" याखेरीज काही बोलली नाही, आणि मीही मुकाट्याने ओळ वाचून आले. जिने तोंड फुटले तरी माघार घेतली नाही, तिला एका पोरीशी चार शब्द बोलता येऊ नयेत, याची मला शरम वाटते.

शेड तिच्या नावावर झाली की शटर तिलाच उघडावे लागेल, कारण बाहेर पंचवीस मुली उभ्या असतील. मी तिला ओळखते. मुलींना रस्त्यावर उभे ठेवणार नाही. याला कोणी जबरदस्ती म्हणेल. म्हणोत. मी तेव्हा नसेन.

कलम ८. वर न लिहिलेले, किंवा काही कारणाने बाद झालेले सर्व काही, चिरंजीवांना.

येथे माझी सही व्हायची होती. पण चारला दार वाजले आणि टाचणी आत आली. चिरंजीवांनी तिला परस्पर फोन करून ऑपरेशनचे सांगितले होते. मला विचारले नाही. पुढचे मी वकीलबाईंची नाराजी पत्करून लिहीत आहे, कारण ते लिहिल्याशिवाय ह्या कागदाचा अर्थ लागणार नाही.

ती थेट माझ्यापाशी आली. टेबलावरचा कागद उचलून उभ्याउभ्याच वाचायला लागली. मी म्हटले, "अगं, ते खाजगी आहे." ती वाचतच राहिली. सातव्या कलमापाशी तिचे नाक लाल झाले.

"बाई, तुम्ही मला काय शिकवलंत?"

"बरंच काही. तू ऐकलंस का?"

"आठपर्यंत थांबायचं. आणि तुम्ही? तुम्ही तर पडायच्या आधीच सगळं वाटून मोकळ्या झालात. गोणी बांधून दारात उभ्या."

"माणसाने तयारीत असावं."

"ही तयारी नाहीये. तुम्हाला भीती वाटतेय."

घड्याळजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी उठणार होते, पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले. हाताला अजून जोर आहे. मी म्हटले, "हो, वाटते." आजवर हे मी कोणाला सांगितले नव्हते. पाय हलायचा थांबला.

तिने वकीलबाईंना विचारले, "दुसरा साक्षीदार कोण?"

"अजून कोणी नाही."

"मी करते सही."

"तुम्हाला करता येणार नाही. म्हणजे येईल, पण मग शेड तुम्हाला मिळणार नाही. बादलीसुद्धा."

"ते आता वाचलंय मी. म्हणून तर करते म्हणतेय."

मी चिरंजीवांकडे बघितले. ते तिला अडवतील असे वाटले. ते म्हणाले, "करू दे तिला. आई, शेड मला आली तर पुढच्या आठवड्यात मी तिथे फरशा उतरवणार. शब्द देतो. तुला नको असेल तर परत ये आणि दुसरं मृत्युपत्र लिही." एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले आणि दाराकडे बघत उभे राहिले. पाठ अगदी बापाची आहे. इतकी वर्षे मला ती दिसली नव्हती.

"आणि तोवर मुलींचं काय?" मी विचारले.

टाचणीने खुंटीवरून शेडच्या किल्ल्या काढून घेतल्या. "उद्यापासून मी उघडते. फुकट. मालकीण आली की देईन परत."

हा कागद फाडून दुसरा लिहिता आला असता. कोरे कागद आहेत, वेळही थोडा आहे, आणि वकीलबाई तेच सुचवत आहेत. तिसरे कोणी साक्षीदार म्हणून जिन्यावरूनही धरून आणता येईल. पण मी तसे करणार नाही. बत्तीस वर्षे मी पोरींना उठायला भाग पाडले. आज कोणीतरी मला भाग पाडत आहे, आणि मला ते फार बरे वाटते आहे. उद्या मला घाईने शुद्धीवर यायचे नाही. डॉक्टरांनी हाका मारल्या तरी मी माझा वेळ घेईन, श्वास घेईन, आणि मग उठेन. कोणी घाबरू नये.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मी तो साक्षीदारांसमोर सही करून पुरा करते.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: इस्पितळात जाण्याचा दिवस, दुपारी साडेचार

सही: (डाव्या हाताने, नेहमीप्रमाणे)

साक्षीदार १: घड्याळजी. सही आमच्यासमोर झाली. घंटेबद्दल तक्रार नाही.

साक्षीदार २: टाचणी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. मान्य नाही. म्हणून सही करते आहे.