चपलेची माशी

३० ऑगस्ट, शनि. स्लायगो, आयर्लंड.
मुग्धा पुन्हा रिकाम्या हाताने परत. उन्हाळाभर तळ्यावर जातेय बायको माझी, ट्राउट मासा एकही नाही. शेजारच्या ब्रेंडनची बोट, गळ टाकायलाही त्यानेच शिकवलं. आता त्याचे गुडघे गेलेत. सप्टेंबरअखेर सीझन संपला की बोट विकणार. मु.ला त्याच्याच बोटीत एक मासा हवाय. खायला नाही, आम्ही शाकाहारी! धरून सोडायचा.
घोळ माशीचा. गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी लाटांत भिजते, बुडते. "बुडालेल्या माशीकडे युवर मॅन बघतसुद्धा नाही," इति ब्रेंडन. युवर मॅन म्हणजे मासा.

६ सप्टें.
आई कोल्हापूरहून आलीय. तिची स्लिपर तुटली. मु.ने ती कचऱ्याच्या बिनमधून काढून ब्लेडने तिच्या फोमच्या तळाचे पातळ काप केले. एक काप गळावर दोऱ्याने आवळला, पिसांच्या तंतूंना गाठी मारून लांब पाय. पाण्याच्या वाटीत सोडली. सकाळीही तरंगतेय! काय बोटं आहेत हिची. मला शर्टाचं बटण लावता येत नाही.

१४ सप्टें., रवि.
ब्रेंडनने "ग्रँड!" म्हणत माशी टोपीत खोचली. आई किंचाळलीच. "पायातलं म्हाताऱ्याच्या डोस्क्यावर? काय गं ही रीत!" माशी काढून घेतली, त्याला हात जोडले. त्याला वाटलं, माशीला आशीर्वाद दिला. आता म्हणतो, मॅमीने हात जोडल्याशिवाय बोट सुटणार नाही. समजावणार कोण? आई निमूट जोडते.
आज मासा वर आला, पण मु.ने घाईने ओढलं. गेला. ब्रेंडन : "आधी हेल मेरी म्हण, मग काठी उचल." हेल मेरी म्हणजे त्यांची प्रार्थना, तेवढा वेळ थांबायचं. मु. म्हणे शुभंकरोति म्हणेन.

२८ सप्टें., रवि.
शेवटची फेरी. मी थर्मास सांभाळायला. वारा, लाटा. माशी प्रत्येक लाटेवर चढून वरच. दुपारी पाणी फुगलं, माशी गायब. मु. जागची हलली नाही. "शुभंकरोति कल्याणम्..." आणि मग काठी उचलली. वाकली!
पिवळाधमक, अंगभर ठिपके. मु.ने पाण्यातच गळ सोडवला. गेला शेपूट हलवत. ती रडत होती, मीही. काय बाई आहे ही!
ब्रेंडनने माशी पुसून परत टोपीत खोचली. घरी पोचलो तर दारात आई. म्हटलं, आता झालं.
"असू दे," ती म्हणाली. "शोभतीया."

३० सप्टें.
सीझन संपला. बोटीवर 'विकणे आहे' पाटी तशीच. वल्ही मात्र ब्रेंडनने आमच्या शेडमध्ये आणून ठेवली. वल्ह्यांशिवाय बोट कोण घेणार? मु. आईच्या दुसऱ्या स्लिपरचे काप करतेय.