कुठल्याच रकान्यात न बसलेला जंतू

सर, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली, तरी सोलापूरच्या इस्पितळातली आपली प्रयोगशाळा मला अजून वासासकट आठवते. सत्तरचं दशक, कडक उन्हाळा, मला नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका माणसाची बायको बाळंत होऊन आठवडा झालाय, ताप उतरत नाही. तपासणीसाठी घेतलेल्या तिच्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढलाय. तो कुठकुठली साखर आंबवतो, याच्या चाचण्या मी लावते, तुमच्या तक्त्याशी ताडून पाहते. तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. नमुना घेतानाच काहीतरी शिरलं असणार, असं ठरवून मी अहवालात 'नमुना दूषित' लिहिते आणि तुम्हाला न विचारता वॉर्डात पाठवून देते.

तीन दिवसांनी दुसऱ्या बाटलीतही तोच निघाला. तुम्ही जंतू वाढवलेल्या दोन्ही काचेच्या बश्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्यात. "पुस्तकात नाही म्हणजे जगात नाही, असं कोणी सांगितलं तुला?" एवढंच बोललात. तो कुठल्या औषधानं मरतो, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वतः वॉर्डात जाऊन सांगितलंत. औषध सुरू झालं, पण संध्याकाळी ती गेली. मग तिचा नवरा आपल्या दारात येऊन उभा राहिला. "पयल्या बाटलीत काय निघालं हुतं, बाई?" उत्तर तुम्ही दिलंत, "तेच निघालं होतं. आम्हाला ओळखता आलं नाही." 'आम्हाला' म्हणालात, सर. तो निघून गेला.

त्या जंतूला तुम्ही दर महिन्याला नव्या नळीत घालून जगवलंत. बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेनं कळवलं, ही जात नवी असावी, पण एकाच रुग्णावरून नाव देता येत नाही. "दुसरा सापडेपर्यंत ह्याला मरू देऊ नकोस," असं तुम्ही मला सांगितलंत आणि दोन वर्षांत तुम्हीच गेलात. पुढं कितीतरी वर्षांनी एका नियतकालिकात वाचलं, परदेशात अनेक रुग्णांच्या रक्तातून नवी जात सापडली, तिला नाव मिळालं. एकूण एक चाचणी आपल्या जंतूसारखी. सहकारी म्हणाले, आपली नळी काढा, जुळवून पाहू. फ्रीज बिघडला तेव्हा मेली ती, असं मी सांगितलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. दर महिन्याला नव्या नळीवर त्या बाईचा नंबर माझ्याच हातानं लिहावा लागायचा. तुम्ही गेल्यावर जेमतेम वर्षभर लिहिला. मग एका दुपारी नळी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात टाकली. फ्रीज कधीच बिघडला नव्हता.