बीटाचं आवतण

२ मार्च, रविवार
गेम तयार! बैलगाडा शर्यत, मोबाईलवर. शर्यतीचा चढाचा घाट, चार बैल, पुढे घोडी, वर निवेदकाची आरोळी. पिंपरी पेंढारातून थेट जगात. शाळेत शिकवणारी माझी बायको तेजस्विनी म्हणाली, जगाचं राहू दे, पंधरा एप्रिलपर्यंत गावातले शंभर जण खेळले तरी मी गप्प बसेन. नाहीतर तिच्या भरतदादाच्या ओतूरच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात बसायचं. लगेच हो म्हटलं. शंभर तर आमची नुसती भावकीच भरेल.

५ मार्च
बीटा म्हणजे गेमची चाचणी. आधी क्लोज्ड बीटा, मग पब्लिक. क्लोज्ड म्हणजे साखरपुडा. मोजकी माणसं, चुका झाल्या तरी घरातल्या घरात. पब्लिक म्हणजे लग्न. मोठ्या कंपन्या असंच करतात. वीस जण निवडले, अगदी निःपक्षपातीपणे. चुलते गेणभाऊ घ्यावेच लागले.

८ मार्च, संध्याकाळी
आपण वीस जणांत आहोत हे गेणभाऊंनी पारावर सांगितलं. तासाभरात बाळासाहेब घरी हजर. यांचा स्वतःचा बैलगाडा. म्हणाले, "आमालाच वगळलं व्हय? तुज्या लग्नात मांडव कुनी घातला व्हता?" समजावलं, चुका शोधायला थोडीच माणसं लागतात. तर म्हणे, "चुका आमाला बी सापडतात की राव. तू आत तर घे." चहा पाजला. आत घेतलं नाही. नियम म्हणजे नियम.

९ मार्च
बाळासाहेबांना आत घेतलं.

१६ मार्च
प्रचंड मागणी. गिरणीत दळण टाकायला गेलो तर तिथेही वशिला. उंब्रजहून कुणाचा तरी मेहुणा येऊन बसला होता. सगळ्यांना ठाम नकार. मनात मात्र गुदगुल्या.
टेस्टर लोकांचा अभिप्राय एकमुखी: "एक नंबर!" चूक एकही नाही. बाळासाहेबांची तेवढी तक्रार, की त्यांचा बैल पांढरा आणि गेममधला काळा. पांढरा केला.

३० मार्च, गुढीपाडवा
गुढीबरोबर पब्लिक बीटाही उभारला. आता दार सगळ्यांना उघडं. गावच्या ग्रुपवर लिंक टाकली. गर्दीने सर्व्हर बसेल या काळजीने श्रीखंडसुद्धा दोनच वाट्या गेलं.

३१ मार्च
कुणी आलं नाही. सणाची सुस्ती.

३ एप्रिल
अजून कुणी नाही. उंब्रजचा मेहुणा भेटला. म्हणाला, "आता तर कुनीबी खेळू शकतंय. मग आमी काय म्हनून?" बाळासाहेबांनी गेम काढूनच टाकला. सगळ्यांनाच घ्यायचं होतं तर आमाला कशाला मिरवलं, म्हणतात.
गेणभाऊंकडे गेलो. त्यांनी वर्म सांगितलं: "ग्रुपवर टाकल्याला आवतण म्हनत न्हाईत. घरी येऊन सांगावं लागतं." तुम्ही तरी खेळता ना, विचारलं. त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढला. मग एक नंबर कसं म्हणालात? "घरच्या पोराचं कौतुक करू नाय व्हय?"

४ एप्रिल
चूक सापडली. गेमची नाही, पद्धतीची. उद्यापासून घरोघर.

१० एप्रिल
गाव पालथं घातलं. प्रत्येक उंबऱ्यावर कुंकू लावून अक्षता दिल्या. रविवारी दुपारी आमच्या घरी सहकुटुंब यावं आणि गेम डाउनलोड करावा. सगळे म्हणाले, येणारच. तेजस्विनीला सांगितलं, दादाला दुसरा माणूस बघायला सांग.

१३ एप्रिल, रविवार
अख्खं गाव लोटलं. मळ्यातले टेम्पोने आले. कुणी नारळ आणला, कुणी टॉवेल-टोपी. बसले आणि पानं कधी वाढणार विचारू लागले. एका आजीबाईंनी नवरी कुठली तेही विचारलं. तेजस्विनीने दादाला फोन लावला. दादाने ओतूरहून आचारी धाडला म्हणून अब्रू वाचली. मासवडी नाही म्हणून दोघे रुसले.
मी पंगतीतून लिंक दाखवत फिरलो. "हात खरकटा हाय, राव." सगळ्यांचाच हात खरकटा. मग सगळ्यांनी हात धुतले आणि घरी गेले.

१४ एप्रिल
गेमवर एक जण आला! नाव लिहिलेलं नाही, पण कालपासून बारीवर बारी, शर्यतीमागून शर्यत पळवतोय. शंभराची सुरुवात एकानेच होते.

१५ एप्रिल
तो एक जण म्हणजे तेजस्विनीच निघाली. मला भरून आलं. तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, अर्ध्या घाटात बैल स्क्रीनच्या बाहेर जातात ते परत येतच नाहीत. घोडी एकटीच पळत राहते. पुन्हा पुन्हा लावून बघितलं, एकदा तरी येतील म्हणून.
हे मला माहीत नव्हतं. बारी सुटली की अभिमानाने माझे डोळे मिटतात.
पहिला खरा अभिप्राय. लिहून घ्यायला बसलो, तर म्हणाली, आधी निघा, दादाचं दुकान नऊला उघडतं, डबा भरलाय. वाईट वाटलं. निदान एक टेस्टर तरी टिकला, असं म्हणालो.
तिने गेम सकाळीच काढून टाकला होता. फोनमध्ये शाळेचे फोटो मावत नव्हते.