पाव्हण्यांच्या घागरीतलं पाणी

सोलापूर
शुक्रवार, सकाळी

प्रिय रुद्राणी,

फोन करायचा सोडून आईनं कागद का काळे केले म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पण शेवटपर्यंत वाच. तुझा अहवाल सोमवारी महापालिकेत जायचाय ना? तो तसाच देऊ नकोस! त्यातलं पाण्याचं पान चुकलंय गं, आणि कुठं चुकलंय ते तुझ्या दहावी पास आईला सापडलंय. मंगळवारपासून मला घास गोड लागेना. तुझे बाबा म्हणतात, हिच्या अंगात आलंय. येईना का!

तुझंच काम तुलाच सांगते म्हणून हसू नकोस, पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला सुचत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागची आमची वस्ती, त्रेसष्ट घरं, घरटी एक तरी माणूस टॉवेलच्या कारखान्यात. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना इथं एवढे जुलाब का होतात ते शोधायला तुम्ही पुण्याहून दोन वर्षं दर महिन्याला आलात. मी इथली आशाताई, म्हणून तुमच्या पुढं पुढं मीच. नळाचं पाणी तपासलंत, चांगलं निघालं. घरातलं प्यायचं पाणी तपासलंत, तेही चांगलं. आणि पोरांच्या शीमध्ये बघावं तर जंतूच जंतू. मग तू म्हणालीस, आई, पाण्याचा दोष नाही, बायका हात धूत नसणार. रागावू नकोस, पण ते मला फार लागलं होतं. रंभाबाई साबण घासून घासून हाताची सालं काढते, तरी तिची पिंकी महिन्यातून दोनदा आडवी. त्या बाईला मी सहाव्यांदा हात धुवायचं शिकवायला गेले तेव्हा ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर मंगळवारची गोष्ट. सावित्रम्माचा नातू दिग्विजय, दोन वर्षांचा, तुला आठवत असेल, तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला लोंबकळायचा तो. मागच्या आठवड्यात त्याला तीन दिवस सलाईन लावलं होतं. डोळे पार आत गेले होते, रडायला गेला तर पाणी येईना. पोरगं हातचं जातंय की काय असं आम्हाला वाटलं. आता बरा आहे. मी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या द्यायला गेले, तर सावित्रम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, दोन्ही हात तंबाखूत. ऊन मी म्हणत होतं. मी पाणी मागितलं. एरवी ती उठते, वरच्या फळीवरची स्टीलची घागर वाकवून तांब्या भरते, खाली ताटली धरून देते. त्या दिवशी उठली नाही. म्हणाली, “घ्या की अक्का तुमच्या हातानं. तुमी काय आता पाव्हण्या हाय काय?” आणि हनुवटीनं कोपऱ्यातला निळा ड्रम दाखवला.

माझ्याआधी दिग्विजयच तिथं पोचला. आत्ताच अंगणात शेळीच्या लेंड्या वेचत होता. चवड्यांवर उभा राहिला, कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला, बुडालेला मग चाचपून वर काढला, प्याला, उरलेलं पाणी मगासकट परत आत टाकलं आणि पळाला. रुद्राणी, मी तिथं तोंड उघडं ठेवून उभी! दोन वर्षं मी त्या घरात पाणी प्यायले आणि हा ड्रम प्यायचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं भांड्यांचा असेल. मी विचारलं, अगं, मग मॅडमच्या, म्हणजे तुझ्या, बाटलीत पाणी कुठलं भरतेस? तर ती अशी दुखावली! “मॅडमला आमी ह्यातलं देऊ व्हय? फळीवरचं देतो की. देवाचं आन् पाव्हण्यांचं.”

आता कळलं का? आपण दारात उभं राहून म्हणायचो, प्यायचं पाणी भरून द्या. आणि बायका पाव्हण्यांचं पाणी भरून द्यायच्या. नळ पाच दिवसांतून एकदा येतो. आला की पहिली धार देवाच्या आणि पाव्हण्यांच्या घागरीत. तिच्यावर झाकण, वर धुतलेलं फडकं, आत हात घालायची कुणाची छाती नाही. पाणी ओतूनच घ्यायचं. बाकी पाचही दिवस सगळं घर ड्रमवर. तू दोन वर्षं जे तपासलंस ते घरातल्या एकाही पोराच्या पोटात गेलेलं नाही! आणि हे मला तरी कसं दिसावं? आपल्या घरी तरी वेगळं काय आहे? आजीच्या वेळेपासून आपल्याकडंही पाव्हण्यांची घागर निराळी. रोजच्या डोळ्यांसमोरचं, म्हणून दिसलं नाही.

मी तशीच उठले. रंभाबाईकडं गेले, म्हटलं, पिंकी कुठलं पाणी पिते? ड्रम. शेजारी? ड्रम. दोन दिवसांत त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न घरं पालथी घातली, पन्नास घरांत हेच. एक बाई म्हणाली, आशाबाईला उन्हाचं लागलं वाटतं, ड्रम बघत हिंडतीया. म्हण बाई, म्हण.

मग मला त्या बाटल्या आठवल्या. आरोग्य केंद्रातनं आम्हाला देतात त्या छोट्या, पाण्यात घाण असली की काळ्या पडतात त्या. कपाटात चोवीस होत्या. मंगळवारी संध्याकाळी बारा घरं धरली, प्रत्येक घरचं घागरीतलं एक आणि ड्रममधलं एक. नाव, वेळ, पाणी भरून किती दिवस झाले, सगळं चिकटपट्टीवर लिहिलं, तू शिकवलंस तसं. फ्रिजवर दोन रांगा लावल्या. स्वयंपाक करता करता दर पाच मिनिटांनी मान वर. तुझे बाबा म्हणाले, “अंडी उबवायला बसलीयस काय गं?” बुधवारी दुपारी एक ड्रमची बाटली करपल्यासारखी दिसायला लागली, आणि गुरुवारी सकाळपर्यंत ड्रमच्या बारापैकी अकरा काळ्या कुळकुळीत! घागरीची फक्त एक. मी ओरडलेच. बाबा आंघोळीतनं अर्धवट बाहेर आले, म्हणाले काय पडलं? म्हटलं, पडलं नाही, सापडलं!

त्यांनीच मग भिंतीवरची दोन्ही सालांची कॅलेंडरं काढून दिली. पाणी आलं की मी त्यावर ‘पा’ लिहिते, आणि वस्तीतलं पोर आजारी पडलं की लाल टिंब देते. दोन्ही एकाच कागदावर, दोन वर्षं, आणि मी कधी जोडून बघितलं नाही. पाणी आल्याच्या दिवशी टिंबं तुरळक. चौथ्या-पाचव्या दिवशी बघ, गोवर उठल्यासारखी. बाबांनी चष्मा लावून मोजलं, मग चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, “महानंदा, हे पोरीला कळव.”

मला ठाऊक आहे, एवढ्यावर तुमच्या लोकांचं भागत नाही. काळी बाटली म्हणजे घाण आहे एवढंच, कुठला जंतू ते तुमची प्रयोगशाळाच सांगणार. म्हणून काल तुमच्यासाठी इथं नमुने गोळा करणाऱ्या रुपालीला बोलावून घेतलं. आज पहाटेपासून आम्ही दोघींनी वीस घरांतनं दुहेरी नमुने भरले, बायकांच्या हातानं नाही, आपल्या हातानं, पोरं ज्या मगानं पितात त्याच मगानं. बर्फाच्या पेटीत ठेवलेत. तुमचा ड्रायव्हर अजिनाथ गाडी घेऊन दहाला पुण्याला निघतोय. त्याला बजावलंय, वाटेत चहाला थांबलास तर याद राख. त्याच्याकडंच हे पत्र देते.

इकडं मी काही थांबलेले नाही. रंभाबाईच्या ड्रमवर झाकण आलंय आणि आतला मग जाऊन लांब दांड्याचं ओगराळं आलं. तिला सांगितलं, हात धुण्यात तुझं काही चुकलं नव्हतं गं. ती पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. दोन वर्षं ती बाई स्वतःला दोष देत होती. सावित्रम्माचा मालक खाली तोटी असलेला ड्रम कुठं मिळतो ते बघायला गेलाय. तुझ्या अहवालात हे आलं, तर महापालिकेला घरोघरी तसले ड्रम द्यावे लागतील, निदान सांगावं तरी लागेल. आणि ‘पाण्याचा दोष नाही’ असं छापून गेलं, तर पुढं दहा वर्षं ह्या वस्तीत पाण्याचं नाव कुणी काढणार नाही. पोरं सलाईनवर जात राहतील आणि आया हात धूत राहतील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दोन दिवस तोंडाशी येतंय आणि मी दुसरंच काही सांगतेय. तुम्ही पहिल्यांदा यायच्या आदल्या दिवशी मी त्रेसष्ट घरं फिरले होते. प्रत्येक दारात सांगितलं, उद्या माझी लेक येणार आहे, डॉक्टरेट करतेय, बरोबर मोठे साहेब आहेत, पाण्याची बाटली देतील ती चांगल्या पाण्यानं भरून द्या, माझं नाक कापू नका. मीच सांगितलं, रुद्राणी. पुढंही दर महिन्याला आदल्या दिवशी आठवण केली. बायका पाव्हण्यांना चांगलंच देतात, पण एखादीनं घाईत ड्रममधलं दिलंही असतं, आणि तुला तेव्हाच कळलं असतं. मी तेवढीही वाट ठेवली नाही. माझ्या लेकीपुढं माझी वस्ती स्वच्छ दिसावी, एवढंच मनात होतं. तुझी दोन वर्षं त्यात गेली, आणि दिग्विजय त्यात जाता जाता राहिला. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे आई, कुणाला सांगू नकोस, मी बघते. तू मला सांभाळलं असतंस आणि अहवालात ‘काही स्थानिक कारणांमुळे’ असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं असतंस. तसं करायचं नाही. हा कागद तुझ्या सरांपुढं ठेव. नमुने कसे चुकले, कुणामुळं चुकले, ते नावानिशी लिही. माझं काम गेलं तर गेलं, ड्रमवर झाकणं घालत हिंडायला मला कुणाचं ओळखपत्र लागत नाही. साक्षीला म्हणून खाली पूर्ण नावानं सही करतेय. आईचं पत्र म्हणून घरी ठेवून घेऊ नकोस, अहवालाला जोड.

तुझीच,
महानंदा शिवलिंग बिराजदार
आशा स्वयंसेविका